वाचकांचे प्रश्न : साहेब माझा पाय का ओढतात?

इंग्रजी वाक्प्रचारांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्या वाक्प्रचारात एखादा अवघड शब्द आहे, त्याविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. कारण शब्द अडला की वाचक आपण होऊनच शब्दकोश उघडतो. पाय, हात, डोळा, सफरचंद, चंद्र, मांजर अशा पहिलीच्या पुस्तकातल्या शब्दांनी दगा दिला, अशीच बहुतेक पत्रांतली तक्रार आहे. त्यांतली काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीतले वरिष्ठ साहेब इंग्लंडचे आहेत. मी पाठवलेल्या अहवालात सतरा चुका आहेत, असे त्यांनी मला कळवले. मी रात्री नऊपर्यंत बसून तो पुन्हा तपासला, पण एकही चूक सापडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला : ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग.’ आपण माझा पाय ओढतो, हे त्यांनी लेखी कबूल केले आहे. याची तक्रार करावी का? — एक नोकरदार, हिंजवडी

उत्तर : तक्रार मुळीच करू नका. साहेबांनी तुमची फिरकी घेतली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे. खोटी गोष्ट खरी भासवून समोरच्याला थोडा वेळ झुलवायचे आणि मग हसून मोकळे व्हायचे, याला इंग्रजीत ‘पाय ओढणे’ म्हणतात. त्यात दुष्टावा नसतो. उलट थोडी सलगीच असते. आपल्याकडे पाय ओढले जातात ते वर चढणाऱ्या माणसाचे. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट मराठी माणसाला इतक्या वेळा ऐकवली गेली आहे, की पाय आणि ओढणे हे दोन शब्द शेजारी आले, की आपल्या मनात दुसरे चित्र उभेच राहत नाही. इंग्रजी प्रयोगाच्या उगमाविषयी रस्त्यातल्या चोरांपासून फाशीच्या दोरापर्यंत अनेक कथा सांगतात, पण त्यांपैकी एकीलाही पुरावा नाही. तेव्हा त्या बाजूला ठेवून वापराकडे पाहणे बरे.

वापराकडे पाहिले असते तर उलगडा तुमचा तुम्हालाच झाला असता. एक तर कोणताही साहेब हाताखालच्या माणसाला खाली खेचत असल्याचे लिहून देत नाही. शब्दशः अर्थ व्याकरणात बसतो, पण तो प्रसंगात आणि बोलणाऱ्याच्या स्वभावात बसत नाही, अशी शंका आली की तेथे वाक्प्रचार असावा, असे खुशाल समजावे. दुसरे असे की, एकट्या माणसाची फिरकी घेताना या प्रयोगात ‘लेग’ हा शब्द एकवचनातच येतो. दोन्ही पाय ओढले, की थट्टा संपते आणि कुस्ती सुरू होते. मराठीतही असेच घडते. ‘आजोबांनी जमिनीवर हात टेकला’ म्हणजे उठताना आधार घेतला. ‘आजोबांनी नातवापुढे हात टेकले’ म्हणजे ते हरले. शब्द तेच आहेत, फक्त वचन बदलले आहे.

शरीराच्या अवयवांवरचे वाक्प्रचार दोन्ही भाषांत विपुल आहेत, आणि घोटाळेही तेथेच अधिक होतात. एखाद्या वस्तूकडे लक्ष द्या, हे इंग्रजीत ‘कीप ॲन आय ऑन इट’ असे सांगतात. स्वारगेटच्या बसस्थानकावर शेजारच्या प्रवाशाला ‘जरा माझ्या बॅगेवर डोळा ठेवा’ असे सांगून पाहा. तो बहुधा बाकावरून उठून जाईल. मराठीत नजर ठेवतात ती राखणीसाठी, आणि डोळा ठेवतात तो दुसऱ्याच्या जमिनीवर. ‘सी आय टू आय’ म्हणजे एकमत असणे. आपल्याकडे डोळ्याला डोळा भिडवला, की एकमत नव्हे तर सामना होतो. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ इट’ हा प्रयोग बायबलमधल्या प्रसंगावरून आला. येशूला शिक्षा फर्मावताना रोमन अधिकारी पिलात याने लोकांसमोर पाण्याने हात धुतले आणि या रक्ताची जबाबदारी माझी नाही, असे जाहीर केले. म्हणून इंग्रजीत हात धुणे म्हणजे जबाबदारी झटकणे. मराठीत त्यासाठी हात झटकतात किंवा वर करतात. हात धुऊन घेतात ते वाहत्या गंगेत, म्हणजे संधी साधताना. आणि हात धुऊन मागे लागतात ते पिच्छा पुरवताना. ‘दिग्दर्शकांनी या प्रकल्पातून हात धुऊन घेतले’ असे एका अनुवादात माझ्या वाचनात आले होते. मूळ लेखात दिग्दर्शक प्रकल्प सोडून निघून गेले होते. अनुवादात त्यांनी पैसे खाल्ले असा अर्थ झाला.

प्रश्न : ‘एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ याचे आपण ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असे भाषांतर करतो. अपवाद सापडल्यास नियम खोटा ठरायला हवा; तो सिद्ध कसा होतो? चाळीस वर्षे गणित शिकवूनही मला हे पटलेले नाही. — एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : तुम्हाला ते पटले नाही, हे योग्यच झाले, कारण लोक ते ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ पटण्याजोगा नाही. ‘सगळेच पुणेकर दुपारी झोपतात’ असे कोणी म्हणावे, दुसऱ्याने ‘मी झोपत नाही’ म्हणावे, आणि पहिल्याने ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ म्हणून विजयी मुद्रेने पाहावे, हा युक्तिवाद नसून वाद टाळण्याची युक्ती आहे.

मूळ तत्त्व कायद्यातले आहे. एखाद्या ठिकाणी मुद्दाम अपवाद सांगितला असेल, तर जेथे तो सांगितलेला नाही तेथे सर्वसाधारण नियम लागू आहे असे धरावे, असे ते लॅटिन सूत्र सांगते. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ५६ मध्ये बाल्बस नावाच्या माणसाच्या बचावात याच धर्तीचा युक्तिवाद केला होता. काही जमातींशी केलेल्या तहांत त्यांच्यापैकी कोणाला रोमचे नागरिकत्व देऊ नये असे स्पष्ट कलम होते. त्यावरून जेथे असे कलम नाही तेथे नागरिकत्व देता येते, असे त्याने मांडले.

तुमच्या पेठेत याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही. ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील’ ही पाटी म्हणजे हे सूत्रच आहे. दुकान केव्हा उघडे असते, याविषयी पाटी एक अक्षरही बोलत नाही; तरी सकाळी अकराला दार लोटून आत शिरणारा गिऱ्हाईक त्या पाटीच्याच आधारावर शिरतो. लिहिलेल्या अपवादाने न लिहिलेला नियम सिद्ध केला. (आत गेल्यावर मालक काय म्हणतील, ते सिसेरोच्या कक्षेबाहेरचे आहे.) ‘प्रूव्ह’ म्हणजे येथे सिद्ध करणे नसून कसोटीला लावणे, असे काही जण सांगतात. तो अर्थ त्या क्रियापदाला आहे, पण या सूत्राचा इतिहास तसा नाही.

प्रश्न : माझ्या मुलीने तिच्या बाळाच्या छायाचित्राखाली ‘ॲपल ऑफ माय आय’ असे लिहिले आहे. बाळाला सफरचंद का म्हणायचे, आणि ते डोळ्यात का घालायचे? — एक आजी, कर्वेनगर

उत्तर : आजी, पहिल्या पत्राच्या अगदी उलट प्रकार येथे घडला आहे. वाक्प्रचार दिसतो परका, आणि आहे मात्र तुमच्या रोजच्या बोलण्यातला. जुन्या इंग्रजीत ‘ॲपल’ हा शब्द डोळ्याच्या बाहुलीसाठी वापरत. बाहुली ही एक भरीव गोळी आहे असा समज असल्यामुळे तिला गोल फळाचे नाव मिळाले. नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या अनुवादांत हा शब्द या अर्थाने आढळतो, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये परमेश्वराने आपल्या लोकांना ‘डोळ्यातल्या सफरचंदासारखे’ जपले असे वाक्य आहे. डोळ्यात कचरा जाऊ लागला, तर पापणी विचार न करता मिटते. तसे जपणे, हा त्यातला भाव.

याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. त्या इंग्रजी वाक्याच्या मुळाशी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ ‘डोळ्यातला छोटा माणूस’ असा होतो. लॅटिनमध्ये बाहुलीला ‘प्युपिला’ म्हणत, म्हणजे लहान मुलगी किंवा खेळण्यातली बाहुली. त्यावरून आजचा इंग्रजी ‘प्युपिल’ आला. संस्कृतातला ‘कनीनिका’ हा शब्दही मुलीच्याच अर्थाशी जोडलेला आहे. एवढ्या भाषांनी डोळ्यात एकच चित्र पाहिले, याचे कारण पुस्तकात शोधू नका. नातवाला मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात त्याच्या डोळ्यांत पाहा. त्या काळ्या ठिपक्यात एक चिमुकली आकृती दिसेल. ती तुमचीच असेल.

‘माझ्या डोळ्यांतली बाहुली’ हे भाषांतर जसेच्या तसे वापरा. ‘तळहातावरचा फोड’ हेही चालेल, पण बारशाच्या फोटोखाली फोड कशाला!

प्रश्न : एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात, आणि असा योग साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो, असे वाचले. मग ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे ‘फार क्वचित’ कसे? आमच्या परीक्षेच्या जाहिराती त्याहून क्वचित निघतात. — स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, नारायण पेठ

उत्तर : जाहिरातींविषयी तुमच्याशी सहमत आहे. बाकीचा गोंधळ तुमचा नाही, तो एका नियतकालिकाने करून ठेवला आहे.

वाक्प्रचार आधीचा, दोन पौर्णिमांची व्याख्या नंतरची. १५२८ च्या एका इंग्रजी पुस्तिकेत, धर्मगुरूंनी चंद्र निळा आहे म्हटले तरी आपण ते खरे मानायचे, अशा अर्थाच्या उपरोधिक ओळी आहेत. निळा चंद्र म्हणजे अशक्य गोष्ट. पुढे ‘अशक्य’चे ‘कधीच नाही’ झाले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ते ‘क्वचित केव्हातरी’ येथवर सौम्य झाले. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाल्यावर हवेतल्या सूक्ष्म धुळीमुळे चंद्र खरोखरच निळसर दिसला, पण तोवर वाक्प्रचार रुळलेला होता.

आता दोन पौर्णिमांकडे वळू. अमेरिकेतल्या मेन राज्यातील शेतकऱ्यांच्या एका पंचांगात ज्या ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा येत, त्यांतल्या तिसरीला ‘ब्लू मून’ म्हणत. मार्च १९४६ च्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या खगोलविषयक मासिकात जेम्स ह्यू प्रुएट यांनी त्याचा अर्थ ‘महिन्यातली दुसरी पौर्णिमा’ असा लावला. ती चूक होती, पण सोपी होती, म्हणून ती टिकली आणि आज तुमच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात आली. ‘क्वचित’ हा अर्थ दोन पौर्णिमांतून काढू गेलात, तर हिशेब जुळणार नाही, तो यामुळे.

मात्र त्या पौर्णिमांचा हिशेब तुम्हाला वेगळ्या नावाने माहीत आहे. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. अशा बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, आणि सौर वर्षाला ३६५ लागतात. दरवर्षी मागे राहणारे हे अकरा दिवस साठत जाऊन साधारण ३२-३३ महिन्यांत एक अख्खा चांद्रमास भरतो. इंग्रजी कॅलेंडरात तो जास्तीची पौर्णिमा होऊन दिसतो, आपल्या पंचांगात अधिक मास होऊन. १९ वर्षांत दोन्ही सुमारे सात वेळा येतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या. पहिली अधिक श्रावणातली होती, दुसरी आपली नारळी पौर्णिमा.

आणि या जास्तीच्या महिन्यावर मराठीतही एक वाक्प्रचार आहे : ‘दुष्काळात तेरावा महिना’. घरातले धान्य बारा महिने पुरवता पुरवता नाकी नऊ आलेले, त्यात पंचांगाने आणखी एक महिना खायला उभा केला. आकाशातला हिशेब एकच. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याच्यावर दुर्मीळपणाचे नाव चिकटवले, आणि आपल्या शेतकऱ्याला त्यात संकटावर संकट दिसले. म्हणून ‘ब्लू मून’चे भाषांतर करताना तेरावा महिना घेऊ नका. ‘सठीसहामासी’ हा शब्द अगदी नेमका आहे. उत्तरपत्रिकेत इंग्रजी निबंध लिहिताना ‘वन्स इन अ ब्लू मून’ शक्यतो टाळा, कारण तो बोलण्यातला प्रयोग आहे. तेथे साधे ‘रेअरली’ अधिक शोभते.

प्रश्न : ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा प्रयोग कसा आला? जुन्या काळी गवताच्या छपरांवर मांजरे-कुत्री झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, असे मुलाला व्हॉट्सॲपवरून कळले आहे. — एक पालक, धनकवडी

उत्तर : ही कथा १९९९ च्या सुमारास ईमेलमधून फिरू लागली आणि रचलेली आहे. गवताच्या छपरावर भर पावसात झोपणारा कुत्रा अजून कोणी पाहिलेला नाही. १६५१ मध्ये हेन्री व्हॉन या कवीच्या ओळीत कुत्र्यामांजरांचा पाऊस येतो, १७३८ मध्ये लेखक जोनाथन स्विफ्ट आजच्याच शब्दांत तो वापरतो. खरा उगम मात्र निश्चित झालेला नाही. मुलाला ‘मुसळधार’ शिकवा. मुसळे आकाशातून का पडतात, असे त्याने विचारले, तर पानशेतच्या बाजूला जुलैमध्ये नेऊन दाखवा.

प्रश्न : परदेशातल्या मुलाखतीत मुलगी म्हणाली, ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू.’ समोरच्यांनी काळजीने ‘आता बरी आहेस ना?’ असे विचारले. तिचे इंग्रजी चुकले का? — एक आई, कोथरूड

उत्तर : येथे चुकले नाही, तेथे चुकले. अमेरिकेत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. आपल्याकडचा अर्थ लष्करी इंग्रजीतून आलेला आहे : प्रशिक्षण पुरे करून संस्थेतून बाहेर पडणे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत खेत्रपाल मैदानावर होणाऱ्या दीक्षांत संचलनाला ‘पासिंग आउट परेड’च म्हणतात, आणि त्यात कोणी बेशुद्ध पडणे अपेक्षित नसते. ब्रिटनमध्ये दोन्ही अर्थ जिवंत आहेत, पण पदवीधरांसाठी तेथेही तो वापरत नाहीत. भारतात छावणीतला शब्द महाविद्यालयात शिरला. ‘आउट ऑफ स्टेशन’चेही तसेच. त्यातले स्टेशन रेल्वेचे नव्हे, तर साहेब लोकांच्या नेमणुकीचे ठाणे. साहेब गेले, ठाणे गेले, पण डॉक्टरांच्या दारावर ‘आउट ऑफ स्टेशन’ अजून लागते. मुलीला पुढच्या वेळी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणायला सांगा.

प्रश्न : आपण सतत त्यांचे वाक्प्रचार शिकतो. त्यांनी आपल्याकडून काही नेले का? — एक वाचक, खडकी

उत्तर : नेले, आणि ओळखू येणार नाही असे करून नेले. ‘बिग चीज’ म्हणजे बडी असामी. त्यातले चीज पावाला लावायचे नव्हे. अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘द चीज’ म्हणजे ‘अस्सल वस्तू’ या जुन्या इंग्रजी प्रयोगाचा संबंध फारसी-उर्दूतल्या ‘चीज’ शब्दाशी जोडलेला आहे, आणि पुढच्या अभ्यासकांनीही तो संभाव्य मानला आहे. आपण ‘कष्टांचे चीज झाले’ म्हणतो, तोच हा शब्द.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. इंग्लंडमध्ये एखाद्याचे डोके फिरले, तर ‘ही हॅज गॉन डुलॅली’ म्हणतात. डुलॅली म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथल्या छावणीत ठेवत. जहाजे मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम हुकला की महिनोन्महिने ना काम, ना कवायत, नुसते ऊन आणि वाट पाहणे. त्यात काही जणांचे भान सुटे. सैनिकांच्या तोंडी सुरुवातीला पूर्ण प्रयोग ‘डुलॅली टॅप’ असा होता. इंग्रज वाचक त्या ‘टॅप’चा अर्थ नळ किंवा टिचकी असा लावू पाहतो आणि अडतो. तो शब्द ‘ताप’ आहे. कपाळाला हात लावून आई म्हणते, तोच.